शस्त्रक्रियेनंतरचा पुरुषार्थ : कर्करोगातून सावरताना रुग्णाचा स्वतःचा वाटा

(ट्रस्टच्या सुवर्ण महोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाचा पाठ)



धर्मकार्यासाठी स्थापन झालेल्या संस्थेने आपल्या सुवर्ण महोत्सवात आरोग्याचा विषय व्याख्यानासाठी निवडावा, हे जैन परंपरेला साजेसेच आहे. आहारदान, औषधदान, ज्ञानदान आणि अभयदान ही चार दाने श्रावकाला लहानपणापासून परिचित असतात. रुग्णाची आणि वृद्धाची सेवा म्हणजे वैयावृत्त्य, आणि त्याची गणना तर प्रत्यक्ष आभ्यंतर तपात केली गेली आहे. आजचा विषय औषधदान आणि ज्ञानदान यांच्या संगमावरचा आहे. कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला केवळ सेवेचा विषय न मानता, त्याला स्वतःच्या बरे होण्यात भागीदार कसे करून घ्यावे, हा तो विषय होय.

शस्त्रक्रिया यशस्वी झाली, गाठ पूर्ण निघाली, असे शल्यचिकित्सकाने सांगितले की घरच्यांना हायसे वाटते आणि आता सारे संपले अशी भावना होते. वस्तुतः त्या क्षणी एक टप्पा संपून दुसरा सुरू झालेला असतो. शस्त्रक्रिया काही तासांची असते. सावरण्याचा काळ आठवड्यांचा आणि पुष्कळदा महिन्यांचा असतो. पहिल्या टप्प्यात रुग्ण भुलेच्या अंमलाखाली निश्चेष्ट असतो. दुसऱ्या टप्प्यात मात्र छाती भरून श्वास घेणे, पाऊल टाकणे, घास चावून गिळणे, आखडलेला हात वर नेणे, या गोष्टी त्याच्यावाचून दुसरे कोणीही करू शकत नाही. कितीही निष्णात डॉक्टर असला, कितीही प्रेमळ मुलगा-सून असली, तरी रुग्णाच्या वाटचे चार श्वास त्यांना घेता येत नाहीत.

निमित्त आणि उपादान

जैन दर्शनाच्या अभ्यासकांना ही गोष्ट समजावून सांगण्याची फारशी गरज पडू नये. घडा होतो तेव्हा कुंभार, चाक आणि दंड ही निमित्ते असतात. घड्याच्या रूपाने परिणत होणारी माती हे उपादान असते. रुग्णालय, औषध, परिचारिका ही सारी मोलाची निमित्ते होत. जखम भरून येते ती रुग्णाच्या देहात, आणि धीर उमलतो तो रुग्णाच्या अंतरंगात.

तरीही प्रत्यक्षात पुष्कळदा उलटे घडते. ‘असातावेदनीय कर्माचा उदय आहे, भोगल्यावाचून सुटका नाही’ असे म्हणून रुग्ण भिंतीकडे तोंड करून पडून राहतो आणि भेटायला येणारे त्याच अर्थाची वाक्ये बोलून जातात. कर्मसिद्धान्ताचा हा अर्धाच अर्थ झाला. त्याच सिद्धान्तात संक्रमण, अपकर्षण, उदीरणा आणि निर्जरा यांचेही विवेचन आहे. बांधलेल्या कर्माची स्थिती आणि तीव्रता जीवाच्या परिणामांनी बदलू शकते, असे तो सांगतो. काल, स्वभाव, नियती, पूर्वकर्म आणि पुरुषार्थ या पाच समवायांपैकी पहिल्या चारांवर माणसाची आज सत्ता चालत नाही. उरतो तो पुरुषार्थ. तीर्थंकरांनी मार्ग दाखविला, पण कोणाला उचलून पलीकडे नेले नाही. ज्या धर्मात मोक्षासारख्या परम ध्येयासाठीही स्वतःच चालावे लागते, त्या धर्माच्या अनुयायाने खाटेपासून दारापर्यंतची दहा पावले दुसऱ्याच्या भरवशावर सोडावीत, हे विसंगत आहे.

‘त्यांना काही सांगू नका’

सहभागाची पहिली अट म्हणजे माहिती. येथेच अनेक कुटुंबांची मोठी चूक होते. तपासणीचा अहवाल आला की मुलगा डॉक्टरांना दालनाबाहेर गाठतो आणि हात जोडून विनवतो, ‘बाबांना काही सांगू नका, ते खचतील.’ हेतू प्रेमाचा असतो, यात शंका नाही. परंतु ज्याला आपल्याला काय झाले आहे हेच ठाऊक नाही, तो नळी का ठेवली आहे, व्यायाम का करायचा, पुन्हा तपासणीला का यायचे, हे कसे समजून घेणार? बहुधा त्याला सत्य कळलेलेच असते. कुजबुज, नातेवाइकांचे अचानक वाढलेले येणे-जाणे आणि कर्करोग रुग्णालयाची पाटी त्याच्यापासून लपून राहत नाही. मग तो आपल्याला कळले आहे हे घरच्यांपासून लपवितो आणि घरचे त्याच्यापासून लपवितात. या दुहेरी मौनात रुग्ण एकाकी पडतो.

कायद्याची भूमिकाही स्पष्ट आहे. शुद्धीवर असलेल्या प्रौढ व्यक्तीच्या उपचारांसाठी तिची स्वतःची, माहिती घेऊन दिलेली संमती आवश्यक आहे. तिच्याऐवजी नातेवाइकाने दिलेली संमती पुरेशी नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली एका खटल्यात निःसंदिग्धपणे सांगितले आहे. सत्य सांगताना कठोर होण्याचे कारण नाही. रुग्णाला जेवढे जाणून घ्यायचे आहे तेवढे, त्याच्या गतीने, हळुवारपणे सांगावे. सत्य आणि अहिंसा ही दोन्ही व्रते येथे एकत्र पाळता येतात.

कोपनहेगनहून आलेला विचार

शस्त्रक्रियेनंतर रुग्णाने जितके अधिक दिवस पडून राहावे तितके चांगले, असे एके काळी डॉक्टरही मानीत. डेन्मार्कमधील शल्यचिकित्सक हेन्रिक केहलेट यांनी १९९० च्या दशकात या समजुतीला शास्त्रीय आव्हान दिले. वेदनेचे उत्तम नियंत्रण, लवकर अन्न, लवकर हालचाल, नळ्यांचा कमीत कमी वापर आणि या सर्वांची रुग्णाला आधीपासून दिलेली माहिती, अशी त्यांनी सांगड घातली. मोठ्या आतड्याच्या शस्त्रक्रियेसाठी तेव्हा आठवडाभराहून अधिक काळ रुग्णालयात राहावे लागे. केहलेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या ६० रुग्णांच्या मालिकेत निम्म्या रुग्णांचा मुक्काम दोन दिवस किंवा त्याहून कमी होता. हीच पद्धती पुढे ‘इरास’ या नावाने ओळखली जाऊ लागली. तिचा प्रसार करणारी आंतरराष्ट्रीय संस्था २०१० साली स्थापन झाली. आज भारतातील अनेक मोठ्या रुग्णालयांत या तत्त्वांचा अवलंब होतो. या पद्धतीत रुग्ण काय करतो, याला डॉक्टर काय करतात याच्या बरोबरीचे स्थान आहे.

शस्त्रक्रियेपूर्वीची तयारी

खरे तर सावरणे शस्त्रक्रियेच्या आधीच सुरू होते. तारीख मिळाल्यापासूनचे दोन-तीन आठवडे काळजीत घालविण्याऐवजी तयारीत घालवावेत. तंबाखू, गुटखा, मावा, विडी तत्काळ बंद करावी. रोज चालावे, दीर्घ श्वसनाचा सराव करावा, मधुमेह आणि रक्तक्षय आटोक्यात आणावा. वर्षीतप, एकासणे किंवा आयंबिलाची ओळी चालू असल्यास ती गोष्ट डॉक्टरांपासून लपवू नये. अनेक तपस्वी संकोचाने ते सांगत नाहीत आणि अशक्त देहाने शस्त्रक्रियेला सामोरे जातात.

उपवासाच्या नियमाबाबत एक व्यावहारिक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. भूल देण्यापूर्वी मध्यरात्रीपासून पाणीही बंद, असा जुना दंडक होता. आता घन आहार सहा तास आधी थांबवावा आणि पाण्यासारखे स्वच्छ द्रव दोन तास आधीपर्यंत घ्यावे, असे भूलशास्त्र सांगते. चौविहार पाळणाऱ्या व्यक्तीने सायंकाळी साडेसहाला पाणी सोडले आणि शस्त्रक्रिया दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला असली, तर साडेसोळा तास निर्जळी घडते. परंतु सूर्योदय साडेसहाचा धरला, तर नवकारसी ४८ मिनिटांनी, म्हणजे सात वाजून अठरा मिनिटांनी येते. तेव्हापासून नऊ वाजेपर्यंत उकळून गार केलेले पाणी किंवा साखरपाणी घेता येते. व्रतही राहते आणि देहही कोरडा पडत नाही. मधुमेही रुग्ण किंवा जठरात अडथळा असलेला रुग्ण यांचे नियम वेगळे असतात. म्हणून भूलतज्ज्ञांना ‘चौविहार आहे, सकाळी पाणी कधीपर्यंत चालेल?’ हा एक प्रश्न रुग्णाने स्वतः विचारावा.

पहिले काही दिवस

शस्त्रक्रियेनंतर पडून राहण्याने फुप्फुसांचे तळचे भाग मिटतात आणि न्यूमोनियाची भीती निर्माण होते. पायांच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात आणि त्यातील एखादी फुप्फुसात गेल्यास जीव धोक्यात येतो. स्नायू तर दिवसागणिक क्षीण होतात. यास्तव डॉक्टरांची अनुमती मिळताच, शक्य तर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी, रुग्णाला खुर्चीत बसविले जाते आणि चालविले जाते. त्या वेळी ‘अहो, इतक्यात कशाला उठवता?’ म्हणून नातेवाईक आडवे येतात. प्रेमापोटी लादलेली ही विश्रांती घातक ठरू शकते.

तीन चेंडूंचे श्वसनयंत्र बहुतेक सर्व रुग्णांना दिले जाते. पुष्कळजण त्यात फुंकर मारतात. ते यंत्र श्वास आत ओढण्यासाठी आहे. जागेपणी दर तासाला दहा वेळा, सावकाश श्वास ओढून क्षणभर धरावा. खोकताना पोटावर उशी दाबून धरावी, म्हणजे टाक्यांवर ताण येत नाही. नवकार मंत्राची माळ ओढणाऱ्याला मोजून श्वास घेणे अवघड वाटू नये.

वेदनेविषयी विशेष सांगावेसे असे की, ती सहन करण्यात पुण्य आहे या भावनेने अनेक श्राविका मूक राहतात. परीषहजय ही मुनिजीवनातील साधना आहे आणि ती सर्वथा वंदनीय आहे. परंतु पोटाची शस्त्रक्रिया झालेली व्यक्ती वेदनेमुळे खोकत नाही, हलत नाही, आणि त्यातूनच पुढचे उपद्रव उद्भवतात. वेदना शून्य ते दहा या मापात किती आहे, हे परिचारिकेला सांगणे हा तक्रारखोरपणा नव्हे. ती डॉक्टरांना हवी असलेली माहिती आहे.

रुग्णाने स्वतःची लक्षणे नोंदवून कळविण्याचे मोल किती, हे अमेरिकेतील एका अभ्यासाने दाखविले आहे. शस्त्रक्रियेपलीकडे गेलेल्या, केमोथेरपी घेणाऱ्या ७६६ रुग्णांपैकी काहींनी आपली लक्षणे संगणकाद्वारे नियमित कळविली आणि गंभीर लक्षण दिसताच परिचारिकेला सूचना मिळाली. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्यांचे मध्यक आयुर्मान ३१.२ महिने होते. नेहमीच्या पद्धतीने उपचार घेणाऱ्यांचे २६ महिने. यासाठी संगणकच हवा असे नाही. शंभर पानी वहीत ताप, वेदना, नळीतून आलेला स्राव, खाल्लेले अन्न आणि चाललेली पावले रुग्णाने स्वतःच्या हाताने लिहिली, तरी डॉक्टरांचे काम सुकर होते. ताप १००.४ अंश फॅरनहाइटपर्यंत जाणे, जखम लाल होणे किंवा तिच्यातून पू येणे, पोटरी सुजून दुखणे, वारंवार उलटी होणे, यांपैकी काहीही झाल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. धाप लागल्यास तर क्षणाचाही विलंब नको.

आहार, औषध आणि व्रत

जखम भरण्यासाठी प्रथिने लागतात. कर्करोगाच्या रुग्णाला वजनाच्या प्रत्येक किलोमागे दिवसाला एक ते दीड ग्रॅम प्रथिने मिळावीत, अशी आहारतज्ज्ञांची शिफारस आहे; म्हणजे साठ किलोच्या व्यक्तीला साठ ते नव्वद ग्रॅम. अंडी-मांसावाचून हे शक्य नाही, असे कोणी सांगितल्यास घाबरून जाऊ नये. शंभर ग्रॅम कोरड्या मूगडाळीत सुमारे २४ ग्रॅम, शंभर ग्रॅम पनीरमध्ये सुमारे १८ ग्रॅम आणि मोठा पेलाभर दुधात सात-आठ ग्रॅम प्रथिने असतात. दही, चणे, सोयाबीन, शेंगदाणे यांचीही भर घालता येते. कंदमुळांवाचून काही अडत नाही. लाल भोपळा, दुधी, केळी, पपई ही पचायला हलकी असतात. रात्रिभोजनत्यागही अडथळा ठरत नाही. सूर्योदय ते सूर्यास्त या बारा तासांत दर दोन तासांनी थोडे थोडे खाल्ले, तर पाच-सहा आहार सहज होतात, आणि जठराच्या शस्त्रक्रियेनंतर तर असेच थोडे थोडे खाण्यास सांगितले जाते.

औषधांबाबत मात्र मनमोकळेपणा हवा. कॅप्सूलचे आवरण बहुधा प्राणिजन्य जिलेटिनचे असते, हे कळल्यावर काही रुग्ण गोळी गुपचूप टाकून देतात. पोटातील कर्करोगाच्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर रक्ताच्या गुठळ्या टाळण्यासाठी हेपारीन वर्गातील इंजेक्शन पुष्कळदा चार आठवड्यांपर्यंत देतात, आणि तेही प्राणिजन्य असते. अशा वेळी औषध लपवून टाळणे सर्वांत धोक्याचे. आपली अडचण डॉक्टरांना स्पष्ट सांगितल्यास साधी गोळी, वनस्पतिजन्य आवरणाची कॅप्सूल किंवा फॉन्डापॅरिनक्ससारखे कृत्रिमरीत्या तयार होणारे इंजेक्शन चालेल का, याचा विचार ते करू शकतात. पर्याय नसेल, तर निर्णय रुग्णाने पूर्ण माहितीनिशी घ्यावा. पच्चक्खाणाच्या आगारांत सर्वसमाधिप्रत्यय हा आगार पूर्वाचार्यांनी ठेवला आहे, तो तीव्र व्याधीने समाधी भंगण्याची वेळ येते अशाच प्रसंगासाठी. आपल्या बाबतीत काय करावे, हे गुरुमहाराजांना विचारण्यात कमीपणा नाही.

अवयवागणिक साधना

स्तनाच्या शस्त्रक्रियेनंतर, विशेषतः काखेतील गाठी काढल्यावर, खांदा आखडतो आणि हाताला सूज येण्याची शक्यता असते. ‘त्या हाताने काही उचलू नकोस’ असा सल्ला वर्षानुवर्षे दिला गेला. अमेरिकेत सूज असलेल्या १४१ स्त्रियांवर अभ्यास झाला. त्यांपैकी काहींनी देखरेखीखाली हळूहळू वाढत्या वजनाचा व्यायाम केला. त्यामुळे सूज वाढत नाही, उलट तिचा जोर होण्याचे प्रसंग कमी होतात, असे २००९ साली दिसून आले. बोटांनी भिंत चढणे, स्वतःचे केस विंचरणे, दोन्ही हात जोडून मस्तकावर नेणे, हे व्यायाम भौतिकोपचार तज्ज्ञांच्या सांगण्याप्रमाणे नियमित करावेत.

तोंडाच्या कर्करोगानंतर, आणि विशेषतः किरणोपचारानंतर, जबडा आखडत जातो. आईस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक ठेवून, दातांमध्ये धरून, रोज तोंड उघडण्याचा व्यायाम सांगितला जातो. काडी अक्षरशः पैशाची. तिच्या नियमित वापरावर पुढे घास तोंडात जाणार की नाही, हे पुष्कळ अंशी अवलंबून असते.

गुदाशयाच्या किंवा मूत्राशयाच्या शस्त्रक्रियेनंतर काहींना पोटावर पिशवी लावावी लागते. ती स्वतः बदलता येणे हा आत्मसन्मानाचा पाया आहे. जोवर पत्नी किंवा सून पिशवी बदलते, तोवर रुग्ण घराबाहेर पडण्यास कचरतो. ते कौशल्य आले की दुकानही सुरू होते आणि प्रवासही. पण मंदिराची पायरी चढावी की नाही, या शंकेने अनेकजण दर्शन कायमचे सोडतात आणि कोणाला विचारतही नाहीत. समाजाने हा विषय साधूभगवंतांसमोर मोकळेपणाने मांडावा, जेणेकरून कोणताही रुग्ण केवळ लाजेपोटी धर्मापासून दुरावणार नाही.

चालण्याचे बळ

व्यायामाने प्रकृती सुधारते हे सर्वश्रुत आहे. त्याने आयुष्य वाढते का? याचे ठोस उत्तर २०२५ साली मिळाले. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया आणि केमोथेरपी पूर्ण झालेल्या ८८९ रुग्णांचे दोन गट करण्यात आले. बहुतांश रुग्ण कॅनडा आणि ऑस्ट्रेलियातील होते. एका गटाला आरोग्यविषयक पुस्तिका दिली, दुसऱ्याला तीन वर्षे मार्गदर्शकासह व्यायामाचा कार्यक्रम दिला; आठवड्यातून तीन-चार दिवस पाऊण ते एक तास भरभर चालण्याइतका तो होता. पाच वर्षांनी रोग न उलटता जिवंत असणाऱ्यांचे प्रमाण व्यायाम करणाऱ्यांत ८०.३ टक्के, तर दुसऱ्या गटात ७३.९ टक्के होते. आठ वर्षांनी हयात असणाऱ्यांचे प्रमाण अनुक्रमे ९०.३ आणि ८३.२ टक्के होते. स्नायू-सांध्यांच्या तक्रारी व्यायाम करणाऱ्यांत काहीशा अधिक आढळल्या, म्हणून मार्गदर्शन आवश्यक. हा निष्कर्ष एका विशिष्ट कर्करोगापुरता आहे, तो सर्वांना जसाच्या तसा लावू नये. तरीही रोज देवदर्शनाला पायी जाणाऱ्या श्रावकाला यातून मोठा दिलासा मिळावा.

दोष नव्हे, साथ

येथे एक सावधगिरीची सूचना आवश्यक आहे. रुग्णाचा सहभाग म्हणजे रुग्णावर ठपका नव्हे. सर्व पथ्ये पाळूनही रोग उलटू शकतो. पेशींचा स्वभाव, रोगाचा टप्पा, उपचारांना मिळणारा प्रतिसाद यांवर इच्छाशक्तीची सत्ता नाही. ‘तू मनाने खचलीस म्हणून आजार परतला’ असे रुग्णाला म्हणणे ही वाचिक हिंसा आहे. पाच समवायांपैकी एकच आपल्या हाती आहे, हे सांगणारे दर्शन इतर चारांचे अस्तित्वही मान्य करते. अनेकान्ताची दृष्टी ती हीच. काही दिवशी रुग्ण चालणार नाही, रडेल, चिडेल. त्या दिवशी त्याच्याशेजारी नुसते बसणे हेच वैयावृत्त्य.

संस्था काय करू शकते

या कामी समाजाची मोठी शक्ती उभी राहू शकते. अमेरिकेत टेरीज लासर या महिलेची १९५२ साली स्तनाची शस्त्रक्रिया झाली. बरे झाल्यावर त्या इतर स्त्रियांना रुग्णालयात जाऊन भेटू लागल्या, व्यायाम दाखवू लागल्या. त्यातून उभे राहिलेले कार्य १९६९ साली अमेरिकन कॅन्सर सोसायटीने स्वीकारले. आपल्याकडे परळचे टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले, आणि त्याच्या परिसरात सेवेची परंपराच निर्माण झाली. दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा दूरगावच्या रुग्णांना आसरा देते. हरखचंद सावला यांच्या जीवन ज्योत संस्थेने रुग्णांना आणि त्यांच्या नातेवाइकांना विनामूल्य भोजन दिले. पिशवी लावलेल्या रुग्णांसाठी ऑस्टोमी असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था मुंबईत आहे.

निवास आणि भोजन यांच्या पुढचे पाऊल म्हणजे ज्ञानदान. ट्रस्टने चार साधी कामे हाती घ्यावीत. पहिले, शस्त्रक्रियेतून सावरलेल्या बंधू-भगिनींची यादी त्यांच्या संमतीने करावी आणि नव्या रुग्णाची त्यांच्याशी भेट घडवावी. ‘मलाही हेच झाले होते’ हे वाक्य शंभर उपदेशांपेक्षा परिणामकारक असते. दुसरे, जैन आहारमर्यादेत बसणारी प्रथिनयुक्त पदार्थांची पुस्तिका आहारतज्ज्ञांकडून तपासून छापावी. तिसरे, वॉकर, पाठ टेकण्याची खाट, शौचखुर्ची यांचे साहित्यकेंद्र चालवावे. चौथे, प्रत्येक रुग्णाला एक नोंदवही द्यावी, जिच्या पहिल्या पानावर डॉक्टरांना विचारावयाचे प्रश्न छापलेले असतील आणि उरलेली पाने रुग्णाच्या स्वतःच्या अक्षरांसाठी कोरी असतील. या कामांना इमारत लागत नाही, मोठा निधीही लागत नाही. लागतात ती वेळ देणारी माणसे.

पन्नास वर्षांत या संस्थेला दात्यांची उणीव भासली नाही. पुढील काळात ज्याला साहाय्य दिले त्यालाच साहाय्यक होण्याइतके समर्थ करावे, हा सुवर्ण महोत्सवाचा संकल्प ठरो. आज जो रुग्ण भिंतीला हात लावून दहा पावले चालतो आहे, तो वर्षभराने दुसऱ्या कोणाचा हात धरून त्याला चालवू लागेल, तेव्हा परस्परोपग्रहाचे तत्त्व समाजात खऱ्या अर्थाने रुजले असे म्हणता येईल.

सर्व रुग्णबांधवांना साता लाभो, त्यांच्या परिवाराला धैर्य लाभो, हीच जिनेश्वरचरणी प्रार्थना.

जय जिनेंद्र.